मागून चालणारी

पिशवी साधीच होती, कापडी, तोंडाला गाठ मारलेली. माझी मैत्रीण शिडी, तिची सून ती घेऊन लॅबमध्ये आली तेव्हा मी एका म्हाताऱ्या गृहस्थांचे वरचे दात बसवत होते, म्हणजे मेणात; गृहस्थ स्वतः आपल्या घरी बोळक्या तोंडाने पातळसर काहीतरी गिळत माझी वाट बघत असणार. समोर स्पिरिटचा दिवा, हातात तापवलेली सुरी. कवळीचं काम असं असतं की सुळा केसभर बाहेर राहिला तर माणूस हसताना लबाड दिसतो, केसभर आत गेला तर त्याचं हसू कोणाला पटत नाही. "मावशी," सून म्हणाली, "आईंचं कपाट आवरत होते, तळाशी ही सापडली. तुमचंच आहे ना सगळं? म्हटलं जाता जाता देऊन टाकावी." मान न वळवता मी म्हटलं, ठेव तिथे. ती गेली. सुळा बसला, मेण गार झालं, मग मी हात पुसले आणि गाठ सोडली. एक चमचा. एकच मोजा. कंगवा. रेनकोटची सुटी टोपी. टॉवेल. एक चाकू, ज्याची तुटलेली मूठ मी कवळीच्या गुलाबी मसाल्यानं जोडली होती. असा हिरड्यांच्या मुठीचा चाकू जगात दुसऱ्या कोणाकडे असणं शक्य नाही. आणि सगळ्यात खाली आईचा तपकिरी मफलर. हरवलेल्या वस्तू परत मिळाल्या तर माणसाला बरं वाटायला हवं. पण त्या हरवल्या आहेत हेच ज्याला ठाऊक नव्हतं त्याला काय वाटायला हवं, हे मला कोणी शिकवलेलं नव्हतं. मफलर माझ्या कपाटात, डाव्या खणात आहे, असं मी त्या क्षणापर्यंत शपथेवर सांगितलं असतं. मागच्या थंडीत तो गळ्याला गुंडाळल्याचं मला आठवत होतं. लोकर मानेला टोचल्याचंसुद्धा आठवत होतं. आणि मफलर तर शिडीच्या कपाटाच्या तळाशी.

आम्ही तिघी. शिडी एवढी उंच की दवाखान्यात ती एक्स-रे काढायला उभी राहिली की पेशंट आधी तिच्याकडेच बघत राही. दुसरी मास्तरीण, भूगोल शिकवणारी, जिला घरातल्या घरातही दिशा माहीत असतात. आणि मी, त्यांच्या भाषेत कवळी. तरुणपणी तिघींनी मिळून एक तंबू घेतला होता आणि तेव्हाच वाटणी ठरली: कापड शिडीकडे, काठ्या नि खुंट्या माझ्याकडे, स्टोव्ह आणि भांडी मास्तरणीकडे. तंबू फाटले, नवे आले, वाटणी तीच राहिली. म्हणजे कोणा एकीला कधी एकटीनं जायची हुक्की आलीच, तर तिच्याकडे नुसत्या काठ्या. हे लग्नापेक्षा पक्कं आहे, असं मास्तरीण म्हणायची, आणि तिला दोन्हीचा अनुभव होता. चालायचा क्रमही ठरलेला. नकाशा घेऊन मास्तरीण पुढे, मध्ये मी, आणि शेवटी शिडी, जिचे पाय माझ्या कमरेपर्यंत येतात. ती मागे का राहते याच्यावर आमची करमणूक चाले. विसाव्याची जागा सोडली की ती हमखास रेंगाळायची, आम्ही वळणापाशी थांबायचो, मग ती डुलत डुलत यायची आणि म्हणायची, लघवीला बसले होते. "तुझ्या टाकीला भोक पडलंय, शिडे," मी म्हणायची, आणि मास्तरीण पोट धरून हसायची. शिडीही हसायची. आता चाकू हातात घेऊन लॅबमध्ये बसल्यावर मला ती एकेक वळणं दिसायला लागली: प्रत्येक वळणावर हसणारी मी, आणि मागून येणारी ती, सॅकच्या बाजूच्या खिशाची चेन लावत. इतक्या वर्षांच्या ओळखीत बाईमाणूस इतक्या वेळा लघवीला जात नाही, एवढं तरी एखादीच्या लक्षात यायला हवं होतं.

विसरण्याची मला भीती नाही. विसरतात सगळेच, मास्तरीण तर स्वतःच्या वर्गातल्या पोरींना एकमेकींच्या नावानं हाका मारते आणि वर त्यांनाच रागावते. मला भीती आहे ती न कळण्याची, आणि ती मी आईकडून घेतली आहे, जशी तिची रुंद पावलं घेतली. आईचं सुरू झालं तेव्हा काहीच हरवत नव्हतं. उलट जास्तीचंच व्हायला लागलं होतं. मी कामावरून आले की ती दार उघडी, मी आत शिरले तरी ते धरून उभी राही. "आणि ती?" "कोण ती?" "तुझ्याबरोबर आली ती. घे ना गं आत तिला, उन्हाची आली असेल." मी दार लावून घ्यायची, ती नाराज व्हायची. पुढे पुढे तिनं नाराज व्हायचंही सोडलं. कधी दाराकडे बघून ती कोणाला तरी बस म्हणायची, आणि इतकी आनंदात असायची, तोंडावर असं निवांत ऊन पसरलेलं, की मी स्वयंपाकघरात जाऊन विनाकारण भांडी आपटायची. चेहऱ्यावर चिंता असती तर मी तिला जवळ घेतलं असतं. सुखाला कसं जवळ घेणार? तिच्या शेवटापर्यंत मी होते. सकाळी तिचे केस विंचरायला, संध्याकाळी तिच्यामागून जाऊन गॅस बघायला. आता त्या घरात मी एकटी आहे, आणि माझ्यामागून गॅस बघणारं कोणी नाही. शिवाय माझं काम असं की चुकीचा जबडा चुकीच्या तोंडात गेला तर ते दुसऱ्या दिवशी जेवणाच्या ताटावर कळतं. आजवर तसं झालं नव्हतं. निदान मला तरी कोणी सांगितलं नव्हतं, असं मनात आलं आणि मी दिवा विझवला. म्हाताऱ्या गृहस्थांचे दात तसेच मेणात राहिले.

शिडी पलंगावर होती, नव्या गुडघ्याखाली उशी घेऊन. शस्त्रक्रियेपासून तिचं सगळं जग त्या उशीच्या उंचीवर आलं होतं. माझ्या हातातली पिशवी तिनं पाहिली, आणि मग सुनेच्या खोलीच्या बंद दाराकडे पाहिलं.

"भारी कामसू आहे कार्टी," ती म्हणाली.

"कधीपासून?"

"काय कधीपासून?"

"शिडे."

ती उशी नीट करत राहिली. "झाली असतील दोनेक वर्षं. मी काय मोजत बसले नाही."

"मास्तरणीला माहीत आहे?"

"ती पुढे असते. तिला फक्त नकाशा माहीत असतो."

"मला का नाही सांगितलंस?"

"सांगून काय उपयोग? विसरली असतीस तू."

ती हसली. मीही हसले, सवयीनं, आणि मग दोघींचं हसू एकाच वेळी संपलं. बाहेर सून मिक्सर लावत होती. तो थांबल्यावर मी म्हटलं, मला तंबूचं कापड हवंय.

"कशाला?"

"जायचंय. एकटी."

"वेड लागलंय का तुला?"

"तेच बघायचंय."

वेड हा शब्द तोंडातून जायला नको होता असं तिच्या चेहऱ्यावर आलं. तिनं माझं मनगट धरलं, एक्स-रेच्या टेबलावर पेशंटचं धरत असेल तसं, हलू नका म्हणून. "थोडं थांब. गुडघा चालता होऊ दे. तिघी जाऊ."

"तुम्ही बरोबर असलात तर मला कसं कळणार? मी इतकी वर्षं तुमच्याबरोबर शहाणी आहे. एकटी किती आहे ते बघायचंय. एक रात्र. स्वतःच्या हातानं तंबू लावायचा, स्वतःच्या हातानं काढायचा, काही मागे न ठेवता खाली यायचं. आले तर आले."

"आणि नाही आलं जमायला, तर काय करणार आहेस कळून?"

"काम सोडेन. घराचं काहीतरी बघेन. आत्ताच बघेन, बघायची अक्कल शिल्लक आहे तोवर."

"मी आहे ना गं."

"तू मागे आहेस, शिडे. मला दिसत नाहीस."

तिनं मनगट सोडलं. ती छताकडे बघायला लागली. मला वाटलं रडते की काय, पण शिडी रडत नाही, तिचं नाक फक्त लाल होतं. मग तिनं सुनेला हाक मारून माळ्यावरून कापड काढायला लावलं आणि मला सांगितलं: "ऐक. जागा सोडताना सॅक चढवायच्या आधी बघू नकोस, नंतर बघ. सॅक पाठीवर आली की माणसाला वाटतं सगळं आलं. तेव्हा वळायचं. आणि जे दिसेल ते उचलायचं. आपलं का दुसऱ्याचं, विचार करत बसायचं नाही. विचार करायला लागलं की राहतं. मी तेच करत होते. खाली आल्यावर बघायचं कोणाचं काय ते."

मास्तरणीला मी खोटं सांगितलं, की लॅबमधल्या पोरी जाणार आहेत, त्यांना स्टोव्ह हवाय. तिनं स्टोव्हबरोबर नकाशाही दिला, त्यावर पाण्याची जागा निळ्या पेनानं गोल केलेली, आणि वर बजावलं, पोरींना म्हणावं कडा पूर्वेला आहे, सकाळी धुक्यात पूर्वेला नाचायला जाऊ नका.

एकटीनं चालण्यात पहिल्यांदा जी गोष्ट अंगावर येते ती म्हणजे आवाज. सॅकचा पट्टा करकरत होता, भांड्यात चमचा वाजत होता, आणि हे सगळं माझंच आहे हे मला पुन्हा पुन्हा स्वतःला सांगावं लागत होतं. तिघींत चालताना मी कधी रस्ता पाहिलाच नव्हता. मी मास्तरणीच्या टाचा पाहत चालत होते. कुठला दगड डुगडुगतो, कुठे पाय तिरका टाकायचा, सगळं त्या टाचांवर लिहिलेलं असायचं. आणि पाठीमागे शिडीची जड पावलं, जणू दार कोणीतरी ओढून घेत येतंय. आता पुढे टाचा नव्हत्या आणि मागे दार उघडंच. मानेच्या मागचा भाग, जिथे केस संपतात, तिथे गार लागत होतं. झाडी दाट होत गेली तसं मला वाटू लागलं की झाडं हवी त्यापेक्षा जरा कमी हलताहेत, म्हणजे आपल्याकडे बघण्यासाठी थांबल्यासारखी. मग मी स्वतःला रागावले. झाडांना काय कामं नाहीत? प्रत्येक विसाव्याला मी सॅक चढवायची आणि मग वळायची. पहिल्याच ठिकाणी फांदीवर माझी टोपी. ती राहिली होती, पण मग लक्षात आलं की मी ती पाहिली. पाहिली, उचलली, घातली. पुढच्या विसाव्याला रुमाल. त्याच्या पुढे माझं काही नव्हतं; कोणाच्या तरी बुटाची नाडी आणि एक निळं झाकण पडलेलं होतं, तेही उचललं. विचार करायचा नाही. नाडी माझीही असू शकत होती. हळूहळू मला या वळण्यात एक चव यायला लागली. मीच मध्ये, मीच मागे. स्वतःची शिडी होऊन स्वतःच्या मागून चालत होते.

माथ्यावर पाण्याची जागा होती, खडकातून येणारी बारीक धार आणि तिच्याखाली झालेला खळगा, निळ्या गोलात दाखवली होती तिथेच. तिथे एक गृहस्थ तोंड धूत होते. माझ्यापेक्षा वयानं मोठे, काटकुळे, पाठीला जरा बाक. चाहूल लागली तसे ते ओल्या तोंडानं वळले आणि माझ्या दोन हात उजवीकडे बघून म्हणाले, "या, या. पाणी भरपूर आहे." मग हातानं दगड चाचपून त्यांनी चष्मा उचलला, शर्टाला पुसून घातला, आणि जाड भिंगांमागून एकदम प्रचंड मोठे झालेले डोळे मला सापडले.

"एकट्याच?"

"हो. तुम्ही?"

"मी नेहमीच. आधी चौघे असायचो. एकाला साखर झाली, एकाला सून झाली, एक गेला." बोटांवर हिशेब केल्यासारखं करून ते थांबले. "मी उरलो म्हणजे एकटा झालो असं नाही हं. आवडतं मला. बरोबर माणसं असली की आपण कुठे संपतो ते कळत नाही."

"आणि एकटं असलं की?"

"कळतं. पण सांगायला कोणी नसतं." ते स्वतःच्याच बोलण्यावर खूश झाले. "चहा घेणार? नको म्हणा, एकच कप आहे."

मी नको म्हटलं आणि आम्ही दोघं हसलो. त्यांचा तंबू पलीकडे होता, कड्याच्या अंगाला. इतका कडेला कशाला, विचारलं तर म्हणाले, तिथे वारा चांगला लागतो आणि शेजारी कोणी येत नाही. मी माझा तंबू लावायला घेतला तेव्हा ते दूर बसून बघत होते, मदत करू का असं एकदाही न विचारता, त्याबद्दल मी मनोमन त्यांचे आभार मानले. काठ्या एकात एक गेल्या. दोरीच्या गाठीसाठी मी माझा चष्मा काढला, तो गळ्यातल्या दोरीला लटकलेलाच असतो, शर्टाच्या आत. अंधारायच्या आधी तंबू उभा होता, ताठ, चारी कोपऱ्यांनी ओढलेला, आणि मी त्याच्याभोवती फेरी मारली. आपल्या जाग्यावर परत जाताना ते गृहस्थ थांबले. "एक सांगू? सकाळी निघण्याआधी मला एक हाक मारा. ओ द्यायला मी आहे की नाही, एवढं बघा. एकट्यांनी एकट्यांचं एवढं करावं." मी म्हटलं, मारते की. नक्की मारते.

रात्र कशी जाईल याची मी इतकी तयारी केली होती की ती काही झालीच नाही. पडले आणि झोपले. सकाळी तंबूचं कापड आतून उजळलेलं होतं, दुधाळ, आणि बाहेर आले तर माथाच नव्हता. धुकं. माझ्या हातापर्यंत जग होतं, त्याच्यापुढे नव्हतं. मी सगळं हळूहळू, क्रमानं केलं. खुंट्या काढल्या, माती झटकली. काठ्या, कापड, स्टोव्ह, भांडं. प्रत्येक वस्तूला हात लावताना मी तिचं नाव मोठ्यानं घेत होते, आणि धुक्यात माझा आवाज कापसात ठेवलेल्या दातांसारखा ठेवल्याजागी राहत होता. मग धारेशी गेले, तोंड धुतलं, बाटली भरली. सॅक चढवली. वळले. आणि दगडावर, पाण्याच्या अगदी कडेला, चष्मा होता, काड्या मिटलेला, ओला.

त्या क्षणी जो आनंद झाला तो मी कसा सांगू. इथेच राहिला असता. दोन वर्षांतल्या प्रत्येक जागी असंच काहीतरी माझ्यामागे पडून राहिलं होतं आणि मी हसत पुढे गेले होते. आज मी वळले होते आणि मला दिसलं होतं. "सापडलास," मी म्हटलं. चष्मा सॅकच्या वरच्या कप्प्यात टाकला, चेन लावली, पुन्हा एकदा वळून पाहिलं, खडक, पाणी, धुकं, माझं काहीही नाही, आणि उतरायला लागले. शाबूत. शाबूत. पावलागणिक शब्द उमटत होता. मनात मी म्हाताऱ्या गृहस्थांचे दात पूर्ण करत होते, शिडीला फोन करत होते, मास्तरणीला खरं सांगून तिच्या शिव्या खात होते. माझ्या तोंडावर ऊन पसरलं असावं, ऊन नसताना.

पहिल्या उतारावर हाक आली. "अहो बाई." वरून, धुक्यातून. मग जरा थांबून पुन्हा, "कोणी आहे का?" आवाज पुरुषाचा, नीट, ओळखीचा नाही आणि अनोळखीही नाही. मी थांबले. आणि मला काय आठवलं? मला आई आठवली, दार धरून उभी असलेली. आणि ती? तुझ्याबरोबर आली ती? वर कोणी नव्हतं. मी एकटी आले होते, एकटी राहिले होते, त्याच्यासाठीच तर आले होते. एकटीला हाका येतात ते असंच सुरू होत असेल, जास्तीचं, एक माणूस जास्तीचा. इतकं सगळं निभावल्यावर आता वळायचं नाही. वळले की दार उघडलं. हाक तिसऱ्यांदा आली, या वेळी तिच्यात शब्द नव्हते, नुसता आवाज, आणि मी मोठ्यानं म्हटलं, "मला ऐकू येत नाही." म्हटलं आणि चालत राहिले, भराभर, डुगडुगत्या दगडांवरून, माझ्या भांड्यातल्या चमच्याशिवाय काही वाजेनासं होईपर्यंत.

खाली बसथांब्यापाशी चहाची टपरी होती. बाकड्यावर बसून मी शिडीला फोन लावला. पहिली घंटा पुरी व्हायच्या आत तिनं उचलला.

"आले," मी म्हटलं.

"सगळी?"

"सगळी. थांब, दाखवते तुला. फोनवरच." सॅक उघडून मी एकेक वस्तू बाकड्यावर मांडू लागले. कापड. काठ्या. खुंट्यांची पिशवी. स्टोव्ह. भांडं, चमचा. टोपी डोक्यावर. रुमाल. कोणाची तरी नाडी, एक झाकण. शिडी प्रत्येकाला हूं म्हणत होती, आणि तिचं हूं लाल नाकातून येतंय हे मला कळत होतं. "आणि चष्मा," मी म्हटलं, "दगडावर राहिला होता, शिडे, पण मी वळले." तो डोळ्यांवर चढवण्यासाठी मी उचलला, आणि गळ्यातली दोरी हाताला अडकली. दोरी ओढली. शर्टातून माझा चष्मा बाहेर आला.

दोन्ही हातांत दोन चष्मे घेऊन मी बसले होते.

"कवळे? काय झालं?"

दुसरा डोळ्यांना लावला. समोरचा डोंगर वितळला. टपरी, रस्ता, माझी स्वतःची बोटं, सगळं पाण्यात पडलं आणि पसरलं. एवढी जाड भिंगं. ज्याला ही लागतात त्याला यांच्याशिवाय पायाखालचा दगडसुद्धा दिसत नसणार. आणि तेव्हा, त्या वितळलेल्या डोंगरातून, ते गृहस्थ आले, संपूर्ण आले, ओल्या तोंडाचे, माझ्या दोन हात उजवीकडे बघणारे. एकच कप आहे. तिथे वारा चांगला लागतो. सकाळी एक हाक मारा. ते माझ्यातून गेले होते असं म्हणवत नाही, कारण गेल्याची खूणही नव्हती. सकाळभर त्यांच्या जागी काहीच नव्हतं, आणि त्या काहीच नसण्याला कडा नव्हत्या. धुक्यात तोंड धुवायला ते आले असणार. दगडावर चष्मा ठेवून असतील जवळच कुठेतरी, झाडाआड, टॉवेल शोधत, आणि मी आले असेन, वस्तूंची नावं घेत.

"शिडे," मी म्हटलं, "वर एक माणूस आहे."

तिनं अगदी जपून विचारलं, "कुठला माणूस गं?"

"खरा आहे. त्याचा चष्मा आहे माझ्याकडे."

"बरं. बरं, आहे. तू तिथेच बस. मी मास्तरणीला पाठवते, हलू नकोस."

मी टपरीवाल्याला विचारलं, काल वर जाताना जाड चष्म्याचे एक गृहस्थ पाहिले का, काटकुळे, एकटे. तो दूध ढवळत होता. "काल? काल का परवा?" म्हणाला. "एकटी माणसं लक्षात राहत नाहीत, बाई. घोळका असला की राहतो, पैशावरनं भांडतात." मग मला बरं वाटावं म्हणून म्हणाला, असतील, असतील. मी त्याला म्हटलं, माझ्याबरोबर वर चला. त्यानं उकळत्या दुधाकडे बोट दाखवलं. शिवाय बस येईल, गिऱ्हाईक येईल. बस आली. दार उघडलं, कोणी उतरलं नाही, ड्रायव्हरनं माझ्याकडे आणि बाकड्यावर मांडलेल्या संसाराकडे पाहिलं. फोनवर शिडी कवळे, कवळे करत होती. मी तिला म्हटलं, मास्तरीण येईपर्यंत दुपार होईल, आणि तो कडा पूर्वेला आहे. सामान तसंच टाकून मी परत वर निघाले. चष्मा मुठीत होता, काड्या तळव्यात रुतलेल्या. पहिल्या वळणानंतर शिडीचा आवाज तुटक यायला लागला, "मी आहे, बंद करू नकोस," आणि मग नुसती खरखर, आणि मग तीही नाही.

धुकं अजून उठलं नव्हतं. जिथून हाक ऐकली होती त्या उतारापर्यंत पोचले तेव्हा छाती फुटायला आली होती. मी दम घेतला आणि हाक मारली. नाव ठाऊक नव्हतं; एवढंच आलं, "अहो. मी आहे. चष्मा आहे माझ्याकडे. हलू नका." शब्द वर गेले आणि तिथेच राहिले. मी श्वास रोखून ऐकत उभी राहिले. आधी काही नाही. पाण्याची धार, की पानांवरचे थेंब. मग, कुठून तरी, वरून की उजवीकडून, बारीकसा ओ आला.

मी आजूबाजूला पाहिलं. तुलाही आला का गं ऐकू, असं विचारायला तिथे कोणीही नव्हतं.